गरिबी मोजणारे प्राध्यापक



खरिपाची सुगी जवळ आली की वाशीच्या शिवारात एक देखावा दरवर्षी पाहायला मिळतो. तलाठी, कृषि सहायक, विमा कंपनीचा माणूस, पंच आणि शेतमालक असे पाचसहा जण एखाद्या सोयाबीनच्या वावरात उतरतात. हातात टेप, दोरी आणि चार खुंट्या. वावर कोणाचे घ्यायचे आणि पहिली खुंटी कोठे ठोकायची, हे त्यांच्यापैकी कोणी आपल्या मनाने ठरवीत नाही. ते आकड्यांच्या तक्त्यावरून आधीच ठरलेले असते. मग मापाचा चौकोन आखतात, तेवढेच पीक कापतात, मळतात, वजन करतात आणि आकडा कागदावर मांडतात. ह्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. अशा मोजक्या वावरांवरून साऱ्या महसूल मंडळाची सरासरी निघते. ती उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली, तर मंडळातल्या विमा उतरवलेल्या शेतकऱ्यांना भरपाई मिळते.

आता साहजिकच कोणी विचारील, की माझे वावर माझे, माझे नुकसान माझे, मग ही मंडळाची सरासरी मध्येच कोठून आली? तिची हकीकत पुण्याच्या एका प्राध्यापकांपाशी जाऊन पोहोचते. त्यांचे नाव विनायक महादेव दांडेकर. गरीब देश गरीब का राहतात आणि तेथील माणसांना दोन वेळचे पोटभर कसे मिळेल, हा एकच प्रश्न त्यांनी पन्नास वर्षे हाती धरला. त्यांच्या कामाचा आपल्या वाशीसारख्या गावाशी काय संबंध आहे, ते आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रा. दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यास झाला. शिक्षण त्यांनी घेतले ते संख्याशास्त्राचे, आणि तेही कलकत्त्यास. त्या वेळी प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कलकत्त्यास ह्या शास्त्राचे मोठे केंद्र उभे केले होते. हंडीतला सगळा भात चाचपून पाहावा लागत नाही, एका शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या घरातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. संख्याशास्त्राचे म्हणणेही तेच असते. फक्त ते एक पाऊल पुढे जाऊन सांगते की शीत मनाला येईल तेथून उचलू नका. ठरलेल्या नियमाने उचला, आणि आपले अनुमान किती चुकू शकते तेही बरोबर सांगा.

ही विद्या घेऊन दांडेकर १९४५ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दाखल झाले. साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली ही संस्था निघाली होती. संचालक होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पाठीशी जे अर्थशास्त्रज्ञ उभे राहिले, तेच हे गाडगीळ. संस्थेचा शिरस्ता असा, की अर्थशास्त्र केवळ इंग्रजी पुस्तकांतून शिकवायचे नाही. विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने खेड्यात जावे, घरोघर बसून विचारावे, वही भरावी आणि मग बोलावे. वाई तालुक्यातील शेतीचा पाहणी अहवाल याच शिरस्त्यातून निघाला.

ह्या शिरस्त्याचे महत्त्व त्या काळी फार होते. १९४७ साली आपण स्वतंत्र झालो आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत आशिया-आफ्रिकेतले कितीतरी देश स्वतंत्र झाले. सगळ्यांपुढे प्रश्न एकच, की देश कसा उभा करायचा? परदेशी तज्ज्ञ सल्ले देत होते. परंतु त्यांचे शास्त्र जेथे जन्मले तेथे जमीन माणशी मुबलक आणि कारखान्यांना कामकरी कमी. आपल्याकडे नेमके उलटे. तेव्हा आपल्या देशाची नाडी आपणच पाहिली पाहिजे, असे गाडगीळांना वाटे आणि दांडेकरांनाही.

गुरुजनहो, दांडेकरांचे सुरुवातीचे एक काम तुमच्या शाळेविषयीचे आहे. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्यांचे अहवाल गाडगीळ आणि दांडेकर यांच्या नावाने १९५५ साली प्रसिद्ध झाले. एका पाहणीचा प्रश्न असा होता, की शाळा सोडल्यावर काही वर्षांनी त्या मुलाला लिहिता-वाचता येते की तो पुन्हा निरक्षर होतो? दुसऱ्या पाहणीचा विषय होता मुलांची गळती आणि एकाच वर्गात अडकून पडणे. पटावर नावे किती, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. पहिलीत नाव घातलेले पोर पुढे गेले कोठे, हे त्यांनी शोधले. पट भरला की शिक्षण झाले, असे आपण सहज धरून चालतो. ह्या पाहणीने ते धरून चालणे सोडायला लावले.

कुळकायद्याचेही तसेच. मुंबई राज्यात १९४८ साली कुळकायदा झाला. आपला भाग त्या वेळी मुंबई राज्यात नव्हता. आपण हैदराबादेकडे होतो आणि आपल्याकडे १९५० चा हैदराबादचा कुळकायदा लागू झाला. मुंबईच्या कायद्याचे गावोगाव प्रत्यक्षात काय झाले, ह्याची तपासणी दांडेकर आणि खुदानपूर यांनी केली आणि १९५७ साली अहवाल छापला. त्यांना आढळले ते असे, की जमिनीचे व्यवहार पुष्कळसे पूर्वीसारखेच चालू होते. कायदा जणू कागदावरच होता. सरकारला न आवडणारी गोष्ट सरकारला आकड्यांनिशी सांगण्याची त्यांची सवय तेव्हापासूनची.

आता थोडे गावाबाहेर, जगाकडे पाहू. १९५० नंतर अमेरिकेत धान्याचे डोंगर साठले होते आणि गरीब देशांत माणसे अर्धपोटी होती. हे धान्य गरीब देशांना द्यावे, असे निघाले. परंतु बाहेरचे स्वस्त धान्य बाजारात ओतले तर इथल्या शेतकऱ्याचा भाव पडणार, ही भीती होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने भारतात ह्याचा अभ्यास करविला. त्याचा अहवाल १९५५ साली आला. त्या कामात दांडेकर होते. ह्या विचाराचा गाभा असा, की ते धान्य बाजारात ओतू नये. रस्ते, बंधारे, तलाव अशी जादा कामे काढावीत आणि त्या मजुरांच्या पोटासाठी ते वापरावे. म्हणजे खाणारी तोंडे खरेदीला नव्याने उभी राहतात, शेतकऱ्याचा भाव पडत नाही, आणि शिवाय गावात तलाव उरतो.

ह्याच्या मुळाशी त्यांचा आणखी एक विचार होता. तो त्यांनी १९६२ साली ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रीय नियतकालिकात मांडला. आपण आपल्या भाषेत तो असा समजून घेऊ. सहा एकर कोरडवाहू आणि घरात दहा माणसे. खरे काम चौघांचे. कारखान्याचा मालक असता तर त्याने सहा जणांना घरी बसविले असते. परंतु शेतकरी बापाला धाकट्या मुलाला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणता येत नाही. जे पिकेल ते सगळे वाटून खातात. सारी माणसे जगतात, पण सगळीच अर्धपोटी जगतात आणि उद्यासाठी काही शिल्लक पडत नाही. दाट वस्तीच्या गरीब देशांचे दुखणे हे आहे. तेव्हा त्या जादा हातांना शेताबाहेर, पण गावाजवळ, देशाची संपत्ती वाढेल असे काम मिळाले पाहिजे, हे दांडेकर पुढे जन्मभर सांगत राहिले.

१९६६ साली ते गोखले संस्थेचे संचालक झाले आणि १९८० पर्यंत त्या पदावर राहिले. १९७१ च्या आरंभी त्यांचा आणि त्यांचे सहकारी प्रा. नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा देशभर दुमदुमली. घोषणा सर्वांनी ऐकली. पण गरीब म्हणायचे कोणाला, आणि ते आहेत किती?

हा हिशेब अगदीच नवा नव्हता. दादाभाई नौरोजींनी परदेशी जाणाऱ्या मजुरांना बोटीवर मिळणाऱ्या शिध्यावरून माणसाच्या किमान गरजेचा खर्च काढला होता. १९६२ साली एका अभ्यासगटाने माणशी महिना २० रुपये हे किमान ठरविले. त्या गटात धनंजयराव गाडगीळ आणि अण्णासाहेब सहस्रबुद्धे हेही होते. दांडेकर-रथांनी मूळ धरले ते अन्नाचे. दिवसाला २,२५० उष्मांक पोटात जातील एवढे अन्न ज्याच्या मिळकतीत सहसा बसत नाही, तो गरीब. पाहणीच्या आकड्यांवरून त्यांनी १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेघ ओढली. त्या रेघेखाली खेड्यांतील शेकडा चाळीसच्या आसपास आणि शहरांतील शेकडा पन्नासच्या आसपास माणसे निघाली.

पंधरा रुपयांची रेघ म्हणजे सुखाचे जिणे नव्हे. ती रेघ ओलांडली म्हणजे माणूस श्रीमंत झाला, असे दांडेकरांनी म्हटले नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच, की निदान इतके तरी प्रत्येकास मिळावे, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांची संख्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर असावी. उपायही त्यांनी सांगितला. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, कारण माणसांच्या मानाने ती थोडी आहे. म्हणून खेड्यात सरकारने कामे काढावीत आणि जो काम मागेल त्याला ते द्यावे. पैसा? तो वरच्या थरातल्या लोकांनी आपला खर्च थोडा आवरून द्यावा. हा शेवटचा भाग वरच्या थराला फारसा रुचला नाही, हे सांगायला नकोच.

आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. वाशीच्या जुन्या माणसांना तो सांगावा लागत नाही. खडी फोडण्याची कामे, नालाबंडिंगची कामे, मिलोची लाल ज्वारी आणि मुलांच्या हातावरची सुकडी, ह्या आठवणी घराघरांत आहेत. महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना त्या वर्षी रुजली. तिच्यामागे वि. स. पागे यांची तळमळ होती आणि तिचे श्रेय त्यांचेच. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क झाला. २००५ साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला. पाग्यांची योजना आणि दांडेकरांचा प्रबंध ही दोन वेगळी कामे. पण दोन्हींची दिशा एक होती. पुढे १९८३ साली गोखले संस्थेच्याच कुमुदिनी दांडेकर यांनी ह्या कामांवर येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामावरची पाटी उचलणारी बाई तेव्हा अर्थशास्त्राच्या पुस्तकात आली.

दांडेकरांची रेघ सर्वांनी मानली असे मात्र नाही. तिला सर्वांत जोरदार हरकत घेतली ती दुसऱ्या एका सातारकराने. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. पीक कापणीच्या प्रयोगाची शास्त्रीय पद्धत देशात बसविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे; पुढे ते अन्न व शेती संघटनेत मोठ्या पदावर होते. ते म्हणाले, माणसाचे शरीर म्हणजे ठरावीक तेल जाळणारी समई नव्हे. त्याची गरज कमीजास्त होत असते, थोड्या अन्नात भागविण्याची शक्तीही शरीरात असते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला तर भुकेल्यांची संख्या फुगते. शिवाय स्वच्छ पाणी नसेल तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही. दांडेकरांनी १९८१-८२ च्या सुमारास त्यांना सविस्तर उत्तरे दिली. कुपोषण वेगळे आणि दारिद्र्य वेगळे, हा भेद त्यांनी पुढे ठेवला. दोघेही मातब्बर आणि दोघेही गरिबांच्या बाजूचे. असा वाद झाला तर शास्त्राचे भलेच होते. सरासरीच्या मापाने एका माणसाविषयी किती बोलावे, हा त्या वादातला प्रश्न आपण लक्षात ठेवू. तो पुढे आपल्याच वावरात येणार आहे.

कारण त्यानंतरचा विषय पीकविम्याचा. पूर्वी एकेका शेताचे नुकसान पाहून विमा देण्याचे प्रयोग झाले. ते परवडले नाहीत. लाखो वावरे कोण पाहणार? नुकसान दैवाने झाले की दुर्लक्षाने, हे कसे ठरवणार? १९७६ साली दांडेकरांनी दुसरी वाट सुचविली. पाऊस हुकतो तेव्हा तो एका बांधापुरता हुकत नाही, साऱ्या टापूत हुकतो. तेव्हा टापू हे एक शेत धरा, त्याची सरासरी काढा, आणि ती घसरली की सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. ह्यात मेहनती शेतकऱ्याचे नुकसान नाही. इतरांपेक्षा जास्त पिकविले तरी भरपाईचा हक्क जात नाही. ह्याच तत्त्वावर १९७९ साली प्रायोगिक योजना निघाली, १९८५ साली व्यापक पीकविमा योजना आली आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेपर्यंत तेच तत्त्व चालत आले.

दांडेकरांचे शेवटचे मोठे सरकारी काम तर थेट आपल्या मराठवाड्याशी भिडते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. न्याय्य वाटा मिळेल, असे १९५३ च्या नागपूर करारात लिहिलेले होते. मिळाला की नाही, ह्यावर वर्षानुवर्षे भाषणे झाली, मोर्चे निघाले. १९८३ साली सरकारने प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली आणि दांडेकरांना अध्यक्ष केले. आदल्याच वर्षी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला होता. समितीने रस्ते, पाटबंधारे, वीज, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तेवढी तूट. आणि तूट भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. पाण्याचा हिशेब तर मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. एकरभर उसाला लागणारे पाणी आणि एकरभर रब्बी ज्वारीला लागणारे पाणी सारखे नसते. म्हणून सारे भिजणारे क्षेत्र त्यांनी रब्बी ज्वारीच्या मापात बदलून घेतले. आपल्या शाळूचे माप साऱ्या राज्याच्या पाण्याला लागले!

१९८४ साली अहवाल आला. सगळ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यांत विदर्भाचा शेकडा ३९, मराठवाड्याचा शेकडा साडेतेवीस, म्हणजे सुमारे ७५१ कोटी, आणि उरलेल्या महाराष्ट्राचा शेकडा ३७. कोणीच पुरते खूष झाले नाही. मराठवाड्याला वाटले की आपला आकडा लहान धरला. आणि ज्यांना मागासलेपण फक्त इकडेच आहे असे वाटत होते, त्यांना कोकणातली आणि पश्चिमेकडची तूटही पाहावी लागली. परंतु ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर मराठवाड्यात चावडीपासून विधानसभेपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला. १९९४ साली विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत २०२० साली संपली. तक्रार करणाऱ्याच्या हाती आकडा आला, ही त्या अहवालाची कमाई होय.

प्रा. दांडेकर ३० जुलै १९९५ रोजी निवर्तले. गोखले संस्थेतून निवृत्त झाल्यावरही त्यांचे लेखन थांबले नव्हते. १९८९ पासून ते एक नियतकालिकही चालवीत होते.

आता पुन्हा वाशीच्या वावरात येऊ. समजा, मंडळातला पाऊस बरा झाला, सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली. पण एका वावरात ओढ्याचे पाणी शिरले आणि काढणीला आलेले सोयाबीन कुजले. त्या शेतकऱ्याला सरासरी काय सांगते? काहीच नाही. वेळेत वेगळी तक्रार नोंदविण्याची सोय नंतरच्या योजनांत झाली, ती ह्याच उणिवेमुळे. तसेच जिल्ह्याचे. साऱ्या जिल्ह्याची सरासरी काढली, तर बालाघाटाच्या माळावरचे एखादे तहानलेले गाव तिच्यात बुडून जाते. सुखात्म्यांनी एका माणसाविषयी जो प्रश्न विचारला, तोच एका वावराविषयी आणि एका गावाविषयी विचारता येतो. सरासरी जितकी मोठी, तितका तिच्याखाली एकटा माणूस झाकला जातो.

म्हणून काय मोजणीच टाकून द्यायची? तसे केले तर ज्याचा आवाज मोठा त्याचे नुकसान मोठे ठरेल, आणि वाशीसारख्या गावाचा आवाज मुंबईपर्यंत किती पोहोचतो, हे आपण जाणतोच. दांडेकरांच्या कामातून घ्यायचा धडा असा, की माप कोते पडले तर ते अधिक बारीक करावे. जिल्ह्याऐवजी तालुका, तालुक्याऐवजी मंडळ, मंडळाऐवजी गाव. आणि त्यासाठी लागणारी नोंद गावातच खरी लिहिली गेली पाहिजे. पीक कापणीच्या दिवशी वावरात हजर राहा, चौकोन नीट आखला का पाहा, वजन आपल्या डोळ्यांनी वाचा आणि मगच सही करा. तेथे खोटा पडलेला आकडा पुढे कोणत्याही प्राध्यापकाला खरा करता येत नाही.

गुरुजनहो, तुम्हालाही एक विनंती आहे. तुमच्या शाळेची जुनी हजेरीबुके कपाटात असतील. दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती नावे होती आणि त्यांतली किती मुले-मुली दहावीला बसली, एवढा एकच हिशेब वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घ्या. मध्येच गेलेली मुले कोठे गेली, ऊसतोडीला, वीटभट्टीला की सासरी, हे मुलांनाच गावात विचारू द्या. साताऱ्यात सत्तर वर्षांपूर्वी दांडेकरांनी असेच पट उघडून आपले काम सुरू केले होते. तुमच्या गावातले ते काम अजून कोणी केलेले नसेल, तर ते तुमची वाट पाहत आहे.